खरीप नावाची सुटी

खरीप हा शब्द आपल्या घराघरात आहे. ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन म्हटले की खरीप आलाच. पण हा शब्द मूळचा अरबी आहे. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू. जुन्या महसुली कारभारातून तो आपल्याकडे आला आणि शेतकऱ्याच्या तोंडी बसला. अरबस्तानच्या दक्षिण टोकाला, ओमान देशाच्या धोफार प्रांतात, आजही पावसाळ्याला खरीफच म्हणतात. साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर एवढा त्याचा मुक्काम. या तीन महिन्यांत सगळा अरबस्तान भाजून निघत असताना धोफारमधील सलाला शहराच्या मागचा डोंगर हिरवा होतो, धुके उतरते आणि भुरभुर पाऊस लागतो. तो पाहायला आखाती देशांतून लोक लोटतात. २०२३ च्या हंगामात तिथे नऊ लाखांहून अधिक पाहुणे येऊन गेले.

या पाहुण्यांत जसे मोटारी घेऊन येणारे श्रीमंत असतात, तसे चार दिवसांची सुटी गाठून बसने येणारे कामगारही असतात. त्यांत आपली मराठी माणसेही असतात. आखातात गेलेल्या माणसाने पाठवलेला पैसा गावाला दिसतो, बांधलेले घर दिसते. पण तो तिकडे विसावा कसा घेतो, घेतो की नाही, याबद्दल कोणी विचारत नाही. त्याबद्दलच आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

सुटी मिळाली, जायचे कशाला?

आम्ही मूळचे संग्रामपूरचे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, इकडे जमले तेवढे काम केले आणि पुढे काही वर्षे मस्कतला एका बांधकाम कंपनीत हिशेबाच्या कारकुनाचे काम केले. एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. एक तेल्हाऱ्याकडचा सुतार, एक रत्नागिरीचा वेल्डर, एक केरळचा इलेक्ट्रिशियन आणि आम्ही. २०२३ च्या बकरी ईदला आठवड्याची सुटी जोडून पाच दिवस मोकळे मिळाले. मस्कतला तेव्हा पारा चाळिशीच्या वर होता. ओमानात जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे, यावरून त्या उन्हाची कल्पना यावी.

सलालाला जायचे निघाले तेव्हा खोलीत वाद झाला. सुतार भाऊ म्हणाले, "एवढ्या पैशात पोरीची वर्षाची पुस्तकं येतात. आपण काय इथं फिराले आलो?" प्रश्न साधा नव्हता. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. बसचे जाऊन-येऊन १५ रियाल, चौघांत एक खोली घेतली तर माणशी १०, जेवणखाण ६, तिथे फिरायला भाड्याची गाडी वाटून घेतली तर ७. एकूण ३८ रियाल. त्या वेळी एका रियालला दोनशेच्या वर रुपये पडत होते, म्हणजे माणशी आठ हजार रुपये. आपल्या घरात ही रक्कम लहान नाही. शेवटी वेल्डर दादा म्हणाले, "मशीनलासुद्धा थंड व्हायला वेळ देतो आपण. नाही दिला तर जळते." सुतार भाऊंनी मग काही न बोलता पिशवी भरायला घेतली.

मस्कत ते सलाला म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर. रात्रभराची बस. निझवा मागे पडले की पुढे सपाट, पिवळसर, निर्मनुष्य माळ. झाड नाही, गाव नाही. हैमा येते, पुन्हा तसाच माळ. सकाळी थुमरैत गेले आणि रस्ता डोंगरावर चढला. वळण घेता घेता काचेवर एकाएकी धुके आले. वाहकाने वातानुकूलन बंद केले. बसमधले सगळे कामगार खिडकीला तोंड लावून बसले. खरीफ नुकताच लागला होता, हिरवा रंग अजून कोवळा होता. पेरणीनंतर आठ दिवसांनी आपले शेत दिसते तसा तो डोंगर दिसत होता.

डोंगरात आपलीच झाडे

हा पाऊस येतो कुठून? कोकणात आणि आपल्याकडे जो नैऋत्य मोसमी वारा पाऊस आणतो, तोच तिकडेही वाहतो. धोफारच्या किनाऱ्याला लागून वाहताना तो समुद्राचे वरचे ऊन पाणी दूर ढकलतो आणि खालचे थंड पाणी वर येते. त्या थंड पाण्यावरची ओली हवा गार होऊन तिचे धुके बनते आणि किनाऱ्यामागच्या डोंगराला ते अडते. आपल्यासारखा धो धो पाऊस तिथे पडत नाही. झाडांची पानेच धुके अडवतात आणि थेंब थेंब जमिनीला पाजतात. म्हणून तिथे झाड तोडणे म्हणजे पाऊस तोडणे असे म्हटले तरी चालेल. डोंगर ओलांडून पलीकडे गेले की लगेच वाळवंट.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही शहराच्या उत्तरेला इत्तीनच्या बाजूने डोंगर चढलो. पायाखाली चिखल निसरडा, दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आम्हाला मौज वाटली ती झाडांची. धोफारच्या या जंगलातले मुख्य झाड आपल्या धावड्याच्या कुळातले आहे. सातपुड्यात जो धावडा आपण डिंकासाठी आणि सरपणासाठी ओळखतो, त्याचाच हा चुलतभाऊ. सुतार भाऊंनी सालीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा तर घरचा दिसते."

दुसरे झाड लोबानचे. धुके जिथे पोचत नाही त्या कोरड्या बाजूला, दगडधोंड्यांत ही झाडे उभी असतात. सालीला खाच पाडतात, पांढरा चीक पाझरतो, काही दिवसांनी त्याचे खडे होतात. तोच लोबान. आपल्या मेळघाटात, आंबाबरव्याच्या जंगलात सलई असते, ती याच कुळातली. सलईचा डिंक आपल्याकडेही धुपाला वापरतात. धोफारचा लोबान दोन हजार वर्षांपूर्वी उंटांवरून आणि गलबतांतून दूरदूर जात होता. सलालाच्या पूर्वेला सुमहुरम नावाचे जुने बंदर होते. तिथल्या उत्खननात भारतातून गेलेली एक छोटी कांस्यमूर्तीही सापडली. लोबानच्या या सगळ्या जुन्या स्थळांना युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात घेतले. म्हणजे आपल्या देशाची आणि या किनाऱ्याची ये-जा कालपरवाची नाही.

डोंगरात गाई दिसतात, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. उंट तर आहेतच, पण तिथले डोंगरी लोक पिढ्यान्‌पिढ्या गाई पाळतात. त्यांची बोली अरबीहून वेगळी आहे. अरबी शिकलेल्या शहरी माणसालाही ती कळत नाही. त्यांच्यातला एक म्हातारा आमच्यापाशी थांबला, धुक्यात वाट चुकू नये म्हणून हाताने दिशा दाखवली आणि गाईंमागे निघून गेला. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची येत नव्हती. काही अडले नाही.

समुद्र पाहावा, पण लांबून

दुसऱ्या दिवशी मुग्सैलला गेलो. सलालापासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर हा किनारा आहे. एका बाजूला पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला सरळ उभा कडा. खडकाला भोके आहेत. लाट खालून आत घुसली की त्या भोकांतून पाण्याचा फवारा उंच उडतो आणि मोठा आवाज होतो. आमच्यातल्या दोघांनी समुद्र मस्कतला पाहिला होता, पण हा समुद्र वेगळा. तो खवळलेला, राखी रंगाचा होता. रत्नागिरीचे वेल्डर दादा मात्र समुद्राकाठी वाढलेले. ते आम्हाला एक पाऊल पुढे जाऊ देईनात. "पावसाळ्यातल्या दर्याला आमच्याकडे होडीसुद्धा घालत नाहीत," एवढेच म्हणाले.

त्यांचे बोलणे किती खरे, हे त्या जागेला ठाऊक आहे. आदल्या वर्षी, १० जुलै २०२२ रोजी, याच मुग्सैलला ईदच्या सुटीत आलेले आठ जण लाटेने खाली ओढले गेले. सुरक्षेचे कुंपण ओलांडून ते कड्याजवळ गेले होते. तिघांना वाचवता आले, पाच जण समुद्रात गेले. दुबईत राहणारी भारतीय माणसे होती ती. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलीही होती. त्यानंतर सरकारने ती जागा काही काळ बंद ठेवली होती. आम्ही गेलो तेव्हा कुंपणाशी लोकांना मागे सारायला पहारेकरी होते. तरीही फोटोसाठी कुंपणावर पाय टाकणारे दिसलेच.

हे लिहिण्याचा हेतू कोणाला दोष देण्याचा नाही. वर्षभर राबून चार दिवस मोकळे मिळालेल्या माणसाला आनंदाच्या भरात भान राहत नाही. आपल्या विदर्भातल्या माणसाला तर समुद्राची सवय मुळीच नाही. आपल्याला नदी कळते, नाला कळतो. लाट किती पुढे येईल याचा अंदाज आपण मागच्या पाच लाटांवरून बांधतो आणि सहावी त्या पाचांच्या दुप्पट असते. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

– जिथे कुंपण, दोरी किंवा लाल झेंडा आहे, तिथून मागेच थांबावे. पावसाळ्याच्या समुद्रात गुडघाभर पाण्यातही उतरू नये.
– ओल्या खडकावर उभे राहू नये. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये.
– आखातातली कोरडी ओढ्याची पात्रे, ज्यांना तिकडे 'वादी' म्हणतात, ती आपल्या सातपुड्यातल्या नाल्यांसारखीच असतात. वर कुठे पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही लोंढा येतो. पात्रात गाडी उभी करू नये, जेवायला बसू नये.
– डोंगरात धुके असताना एकट्याने जाऊ नये. अंधार पडायच्या आत परतावे. कोणत्या वाटेने जातो ते खोलीवरच्या माणसाला सांगून जावे.
– परदेशात असताना पासपोर्ट आणि ओळखपत्र स्वतःजवळ ठेवावे. त्यांच्या छायाप्रती घरी पाठवून ठेवाव्यात.

झऱ्याकाठची ओळख

तिसऱ्या दिवशी 'ऐन रझात' नावाच्या झऱ्यावर गेलो. अरबीत ऐन म्हणजे झरा. डोंगराच्या पायथ्याशी निवळ पाणी वाहते, काठाने बाग आहे. तिथे देशोदेशीची माणसे सतरंज्या टाकून बसलेली. आमच्या शेजारी आपल्याच राज्यातले एक सुखवस्तू कुटुंब होते. मराठी ऐकून त्यांनी आपुलकीने हाक मारली, बसायला जागा दिली, डबा पुढे केला. मग गाव विचारले आणि लगेच आडनाव विचारले. आडनाव सांगितल्यावर बोलणे आटोपते झाले आणि डब्याचे झाकण लागले. उघड कोणी काही बोलले नाही. समजायचे ते आम्ही समजलो. थोड्या वेळाने आमच्या गाडीचा पठाण चालक आला, आमच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन तोंडाला लावून प्यायला आणि उरलेली परत दिली. त्याने ना गाव विचारले, ना आडनाव.

तेव्हा मनात आले ते बाबासाहेबांच्या सहलीचे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. चळवळीच्या धबडग्यातून काढलेली ती थोडीशी उसंत होती. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. धुळीने माखलेल्या मंडळींनी दरवाजाजवळच्या भरलेल्या हौदावर हातपाय धुतले, तोच हौद बाटवला म्हणून लोक धावून आले. अखेर आत पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत शिपाई देऊन त्यांना किल्ल्यात सोडण्यात आले. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. जगप्रसिद्ध विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या माणसाच्या सहलीची ही कथा. म्हणून आपल्या माणसाने झऱ्याकाठी मोकळेपणाने बसून पाणी पिणे ही चैन नव्हे.

विसावा हा हक्क आहे

आपल्याकडे सुटी घेणारा माणूस कामचुकार समजला जातो. याच समजुतीला कायद्याने उत्तर देणारे बाबासाहेबच होते, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातून १९४५ साली कायदा झाला आणि बारमाही कारखान्यातल्या प्रौढ कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर सलग दहा दिवस आणि बालकामगाराला चौदा दिवस पगारी सुटी मिळाली. पुढे १९४८ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असा हिशेब बसवला. पगार न कापता विसावा मिळणे ही मालकाची मेहेरबानी नाही, हे त्या दिवशी कागदावर आले. ओमानातही २०२३ च्या नव्या कामगार कायद्याने वर्षाला तीस दिवस पगारी रजा ठरवून दिली आहे. आखातात जाणाऱ्या प्रत्येकाने करारावर सही करण्याआधी रजेचे कलम वाचावे, समजले नाही तर समजून घ्यावे. घरकाम करणाऱ्यांसाठी नियम वेगळे असतात, तेही आधी विचारून घ्यावेत.

त्या संध्याकाळी सलालाहून घरी फोन केला. धुके, डोंगर, समुद्र, रस्त्याकाठची शहाळी आणि केळी, सगळे सांगितले. पलीकडून सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमाले चार दिवस सुट्टी भेटली, लय चांगलं झालं. पन मले सांगा, माह्या लग्नाले सतरा वर्षं झाले, मले सुट्टी कवा भेटली?"

या प्रश्नाला कोणत्याही कायद्यात कलम नाही. सकाळी पाचला उठून पाणी भरणारी, दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करणारी, संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसणारी आपली बाई कोणत्या रजिस्टरात नोंदवायची? पंधरा ऑगस्टला शाळेला सुटी, कारखान्याला सुटी, तिला दुप्पट काम, कारण सगळे घरी असतात. परदेशातल्या कामगाराच्या विसाव्याची बाजू मांडणाऱ्या आम्हालाही आमच्या घरातल्या या कामगाराला उत्तर देणे भाग होते.

जवळचे डोंगर, जवळचे पाणी

ते उत्तर आम्ही परत आल्यावर कृतीने द्यायचे ठरवले. मागच्या हिवाळ्यात वस्तीतल्या वीस-बावीस बायांची एक दिवसाची सहल काढली. दोन काळीपिवळ्या ठरवल्या, माणशी दोनशे रुपये जमवले. अट एकच. त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांनी करायचा आणि लेकरे पुरुषांनी सांभाळायची. भाकरी थोड्या जाड झाल्या, बेसनात मीठ जास्त पडले. बायांनी हसत हसत खाल्ले. "खारपानातल्या मानसाले खाऱ्याचं काय?" असे एक आजी म्हणाल्या.

आधी गेलो ते भोनला. आपल्याच तालुक्यात, पूर्णेच्या काठी हे गाव आहे. या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथे उत्खनन केले आणि दोन हजार वर्षांहून जुना विटांचा बौद्ध स्तूप उजेडात आला. आज तिथे डोळे दिपतील असे काही उभे नाही. जिगाव प्रकल्पाच्या पाण्याखाली हे ठिकाण जाण्याचा प्रश्नही अनेक वर्षे चर्चेत आहे. पण त्या मातीवर उभ्या राहिलेल्या बायांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते सांगता येत नाही. आपल्या गावाजवळ आपला एवढा जुना वारसा आहे, हे त्यांतल्या बहुतेकींनी प्रथमच ऐकले. तिथून वारीला वाण नदीच्या धरणाकडे गेलो. सातपुडा समोर, पाणी समोर. तिथेही पाण्यात उतरायचे नाही हा नियम पाळला. मुग्सैलचा धडा वाणेकाठीही तोच आहे.

वाचकहो, परदेशात कोणी असेल तर त्याला चार दिवस डोंगर-समुद्र पाहू द्या. तो पैसे उधळतो असे म्हणू नका. जपून राहा, एवढे मात्र जरूर सांगा. आणि गावी असणाऱ्यांनी वर्षातून निदान एक दिवस घरातल्या बाईसह घराबाहेर पडावे. संग्रामपूरहून आंबाबरव्याचे अभयारण्य जवळ आहे. वनखात्याची परवानगी घेऊन जाता येते. तिथे सलई आणि धावडा आहे. लेकरांना ही झाडे ओळखायला शिकवा आणि यांचे भाऊबंद समुद्रापलीकडच्या खरिपात उभे आहेत हेही सांगा. अकोट तालुक्यातला नरनाळा किल्ला आहे. अजिंठ्याची लेणी एका दिवसात पाहून परत येता येते. खर्च दोनशे-पाचशेचा, तयारी आदल्या रात्रीची. फक्त निघण्याआधी एवढे ठरवून घ्यावे की त्या दिवशी चूल कोण पेटवणार.